हात कामात असताना चेहरा: कलाकार मुलामुलींचे फोटो काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव भागात लग्न-बारशाची कामं करणाऱ्या एका तरुण फोटोग्राफरला ओळखीच्या तीन घरांतून मुलांचे फोटो काढायला सांगितलं आहे. शहापूरचा मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे, तबला वाजवतो. खानापूरकडची मुलगी दहावीत आहे, सतत चित्रं काढत असते. तिसरा नववीतला; दर दिवाळीला गल्लीत किल्ला करतो आणि त्यासाठी महिनाभर आधीपासून नकाशे काढत बसतो. हाताशी क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ ची किट लेन्स, ५० मिमी एफ १.८ आणि एक फ्लॅश. पहिल्या खेपेला तिघांनाही आंब्याखाली बसवून फोटो काढले. एकाच्या मांडीवर तबला, दुसरीच्या हातात वही, तिसऱ्याच्या हातात मातीचा मावळा. ‘तिघंही एकसारखीच दिसतात, फक्त हातातली वस्तू बदलते. मुलांचा स्वभाव फोटोत कसा आणायचा?’

चूक नेमकी कुठे झाली ते तुमच्या वर्णनातच दिसतंय. तिघांच्या हातात वस्तू होती, काम नव्हतं. तबला मांडीवर घेऊन ‘इकडे बघ’ म्हटलं की पोरगं वाजवणारं राहत नाही, तबला सांभाळत बसतं. स्वभाव हा सवयींत असतो. विचार करताना जीभ कुठल्या गालात जाते, पायाचा अंगठा कसा हलतो, चुकलं की नजर आधी कुठे वळते. हे सगळं काम चालू असताना बाहेर येतं, आणि सगळ्यात जास्त येतं ते कामाच्या मधल्या थांब्यात. म्हणून उजेड, लेन्स, बसायची जागा, सगळं असं लावायचं की मूल अर्धा-पाऊण तास तुमच्यासाठी न हलता स्वतःचं काम करू शकेल आणि तो थांबा आला की तुम्ही तयार असाल. बाकीचं सगळं या एका गोष्टीच्या पोटात येतं.

त्यासाठी फोटोच्या दोन-तीन दिवस आधी कॅमेरा न घेता एकदा घरी जाऊन या. पाऊण तास पुरतो. ‘तुला काय आवडतं?’ असं विचारलं तर शाळेतल्या निबंधासारखं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, सध्या अर्धवट काय राहिलंय? कुठलं काम करताना जेवायची हाक ऐकू येत नाही? कोण बघायला आलं की हात थांबतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार उपयोगाचं, कारण त्या माणसाला फोटोच्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवावं लागतं. बोलताना मूल मित्रांशी ज्या भाषेत बोलतं तीच धरा. आपल्याकडे घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, खेळताना दोन्हीची मिसळ असं असतं. पुस्तकी मराठीत ‘तू जरा नैसर्गिक हाव-भाव दे’ म्हणालात तर मूल ताठ होतं. ‘काय करायलास? दाखव की’ एवढं पुरतं. घरी आल्यावर पाच सवयी वहीत लिहा. पाच मिळाल्या नाहीत तर बघणं कमी पडलंय, पुन्हा जा. त्याच भेटीत खिडक्या कुठल्या दिशेला आहेत आणि उजेड किती वाजता कुठे पडतो तेही टिपून ठेवा.

आता आंब्याबद्दल. दाट झाडाखाली चेहऱ्यावर येणारा उजेड पानांतून गाळून येतो, म्हणून त्यात हिरवट छटा असते, आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती आजारी दिसते. तो उजेड वरूनच येत असल्यामुळे भुवयांखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि डोळ्यांतली चमक जाते. चमक गेली की तिन्ही चेहरे एका साच्यातले वाटणारच. सावलीच हवी असेल तर सावलीच्या कडेला या: मूल सावलीत, तोंड उघड्या आभाळाकडे, उन्हाची रेघ त्याच्या पावलांपुढे तीन-चार फुटांवर. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दहा तारखेच्या आसपास आपल्याकडे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत अकरा ते तीन बाहेर चेहऱ्याचा फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. आणखी एक, खानापूरकडे जांभ्याच्या भिंती आणि लाल माती भरपूर. ऊन त्यांच्यावर पडून उलटलं की हनुवटीखाली तांबूस रंग चढतो. थोडा असला तर छान लागतो, पण भिंत तीन फुटांच्या आत असेल तर तो चेहराभर पसरतो. घरातल्या हिरव्या-गुलाबी ऑइलपेंटचंही तसंच. रंगीत भिंतीच्या बाजूला एक पांढरी चादर टांगली की प्रश्न मिटतो.

शहापूरच्या मुलापासून सुरू करू.

त्याला तो बसतो तिथेच बसू दे, सोप्यावर असो की माजघरात. जुन्या कौलारू घरात छपराला काचेचं कौल असतं. त्यातून पडणारा कवडसा मोहात पाडतो, पण त्याच्या खाली मूल बसवलं तर नाकाची सावली थेट ओठांवर येते. मुलाला कवडशाच्या दीड-दोन फूट मागे बसवा आणि कवडसा जमिनीवर जिथे पडतो तिथे पांढरं धोतर अंथरा. तो उजेड उलटून खालून-समोरून मऊ होऊन येतो. काचेचं कौल नसेल तर खिडकी घ्या. उजव्या हाताच्या तबलजीचा तबला त्याच्या उजवीकडे आणि डग्गा डावीकडे असतो. खिडकी त्याच्या डाव्या-समोरच्या बाजूला येईल असं बसवा आणि तुम्ही उजवीकडे साठ अंशांच्या आसपास बसा. म्हणजे तुमच्यापासून लांबचा गाल उजळ आणि जवळचा गाल सावलीत राहतो, चेहऱ्याला उंची-खोली येते. सावली फार काळी वाटली तर तुमच्या बाजूला तीन फुटांवर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. रुपेरी रिफ्लेक्टर घरात वापरू नका, घामट गालावर पत्र्यासारखी चमक येते. आणि ट्यूबलाइट, एलईडी बल्ब, देवघरातला रंगीत दिवा, सगळे बंद. घरची माणसं प्रेमाने सगळे दिवे लावतात. ‘मावशी, दिवे नकोत, खिडकीचाच उजेड चांगला आलाय’ असं सांगितलं की ऐकतात. दिवा ठेवावाच लागला, संध्याकाळ झाली, तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्याहून वेगळ्या वेगांना स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात.

तुम्ही उभे राहून काढू नका. मांडी घातलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर असतात, उभ्या माणसाचा कॅमेरा दीड मीटरवर. वरून काढलं की कपाळ मोठं, हनुवटी छोटी आणि तबला अर्धा झाकलेला. पाटावर बसा, कोपर गुडघ्यावर टेका. ५० मिमीने दोन मीटरवरून उभी फ्रेम घेतली की क्रॉप सेन्सरवर साधारण नव्वद सेंटिमीटर उंचीचा भाग मावतो, म्हणजे मांडीपासून डोक्यापर्यंत. खिडकीपासून दीड मीटरवर दिवसा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ ४ (लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा मोठा तितकं तोंड छोटं), शटर १/१२५ इथून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) बघून हलवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे वादकांचे फोटो इथेच फसतात. दोन मीटरवर एफ ४ ला फोकसची जाडी, म्हणजे पुढून-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, साधारण पंचवीस सेंटिमीटर असते. समोरून काढलं तर तबल्यावरचा हात चेहऱ्यापेक्षा चाळीस-पन्नास सेंटिमीटर पुढे असतो, म्हणजे दोन्हींपैकी एकच स्पष्ट येणार. अ‍ॅपर्चर एफ ८ वर नेलं तर दोन्ही येतात, पण आयएसओ ३२०० होतो आणि मागची कपाटं, कॅलेंडर, टीव्हीसुद्धा स्पष्ट होतात. त्यापेक्षा बाजूला सरका. साठ अंशांवरून बघितलं की हात आणि चेहरा तुमच्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येतात आणि एफ ४ पुरतं. बाजूला सरकण्याने जे होतं ते लेन्स बदलून होत नाही.

वाजवायला काय सांगायचं? स्टेजवर वाजवून पक्कं झालेलं नको. त्याबरोबर स्टेजचा चेहरा येतो, मान झटकणं, ठरलेलं हसू. सध्या बसत नसलेला कायदा (तबल्यातली एक बांधलेली रचना) वाजव म्हणा, संथ लयीत. भुवया जवळ येतात, ओठ बोल पुटपुटतात. हाताची हालचाल दिसावी असं वाटलं तर शटर १/६० वर आणा. बोटं धूसर होतात आणि डोकं स्थिर असेल तर डोळे स्पष्ट राहतात. दहांत दोन-तीन फोटो जमतात, म्हणून मालिकेत काढा. बोटं गोठवायची तर १/५०० लागतो, पण गोठलेली बोटं पाहून वाजतंय असं वाटत नाही. १/५०० चा एकच ठेवा, बाकी हळू शटरचे. तालाची मोजणी तुम्हालाही आली पाहिजे. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजता आल्या तरी खूप झालं. तिहाई सुरू झाली की तोच तुकडा तीनदा येतो आणि शेवटचा ‘धा’ हा बोल समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. त्या धावर सगळे बटण दाबतात. तुम्ही अर्धा सेकंद थांबा. धा पडल्यावर खांदे सैल होतात, श्वास सुटतो, बरोबर आलं की चुकलं ते चेहऱ्यावर उमटतं.

आणि खरा फोटो बहुधा वाजवण्याच्याही आधी मिळतो, तबला लावताना. डावीकडे-उजवीकडे हातोडी फिरत असते, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलका ठोका, चाटीवर (पुडीच्या काठावर) बोटाने एक आघात, की कान तबल्याकडे झुकतो. समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा) सुरात जुळेपर्यंत हे पाच-दहा मिनिटं चालतं. त्या वेळी डोळे उघडे असतात पण कशाकडेच बघत नसतात, सगळं लक्ष कानात. सतरा वर्षांच्या मुलाचा चेहरा इतका उघडा दुसऱ्या कुठल्याही वेळी सापडत नाही, कारण आपण कसे दिसतोय हे त्याला त्या क्षणी आठवतच नाही. म्हणून येण्याआधी ‘तबला लावून तयार राहा’ असं फोनवर सांगू नका. तुमची मांडणी आधी करून घ्या, मग त्याला लावायला बसवा. शेजारी यंत्रमाग असतील, शहापूर-वडगावात असतातच, तर दुपारच्या सुट्टीची वेळ धरा. त्या खडखडाटात त्याला सूर लागणार नाही आणि तो वैतागेल. कॅमेऱ्याला मूक शटर असेल तर इथे लावा, फक्त कृत्रिम उजेडात त्यानेही पट्टे येतात हे लक्षात ठेवा.

घरच्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मे फोटो तिथे बिघडतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांना देवघराशेजारी लावायला हसरा, सरळ, नव्या कपड्यांतला फोटो हवा असतो. तो द्या, आणि सगळ्यात आधी द्या. पहिली दहा मिनिटं घरच्यांच्या पसंतीची: नवा शर्ट, आई-वडिलांबरोबर एक, आजीबरोबर एक. हे झालं की ‘हस रे जरा’ म्हणणारा आवाज समाधानी होतो आणि मूलही कॅमेऱ्याला सरावतं. मग कपडे बदलायला सांगा. तीस वेळा धुतलेला सदरा अंगावर बसलेला असतो. पेटीतून काढलेल्या नव्या कपड्याच्या घड्या खांद्यावर दिसतात. बारीक रेघांचा शर्ट टाळा, फोटोत त्यावर लाटा उठतात. छातीवर मोठी अक्षरं असलेला टी-शर्ट नको, डोळा आधी अक्षरं वाचतो. डोक्याचं तेल आदल्या दिवशीच धुऊन टाकायला सांगा. घामट कपाळ टिश्यूने टिपा, पावडर लावू नका, ती फ्लॅशखाली राखेसारखी दिसते. मुलगी असेल तर घरचं एक मोठं माणूस कायम ऐकू येईल इतक्या अंतरावर असावं, पण समोर नसावं. मोठी बहीण असेल तर फारच उत्तम. थर्माकोलही तीच धरते.

खानापूरच्या मुलीची अडचण वेगळी. चित्र काढणारं मूल खाली बघतं, आणि खाली बघणारे डोळे फोटोत मिटल्यासारखे दिसतात. म्हणून लोक ‘वर बघ’ म्हणतात आणि तिथेच सगळं संपतं. उपाय असा की तिला समोर बघून काढायचं चित्र द्या. पितळी तांब्या, कंदील, परड्यातली कुंडी, तिला जे काढावंसं वाटेल ते. ती वस्तू तिच्या डोळ्यांच्या उंचीला, स्टुलावर, तुमच्या लेन्सच्या शेजारी वीतभर अंतरावर ठेवा. आता दर चार-सहा सेकंदांनी तिची नजर आपोआप वर येते, वस्तू मापते आणि परत कागदावर जाते. ती मापणारी नजर तुम्हाला हवी आहे. सांगून वर आणलेली नजर आणि ही नजर यांतला फरक अनोळखी माणसालाही कळतो. ती वर बघते तेव्हा पेन्सिलीचं टोक कागदावर थबकलेलं असतं, कधी एक डोळा बारीक होतो, कधी पेन्सिल उभी धरून अंगठ्याने माप घेतलं जातं. कॅमेऱ्याचा डोळ्यांवरचा फोकस चालू ठेवा आणि वाट बघा. वीस मिनिटांत तुम्हाला तिची लय कळते.

उजेड तिच्या चित्र काढणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, नाहीतर हाताची सावली कागदावर पडून ती सारखी वही फिरवत बसते. पांढरा कागद हाच तुमचा रिफ्लेक्टर. हनुवटीखालून सुंदर मऊ उजेड देतो. पण तो कागद त्वचेपेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजळ असतो, म्हणून कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मोजणीवर सोडलं तर कॅमेरा कागद बघून चेहरा काळा करतो. मॅन्युअलवर या, चेहऱ्यासाठी एक्स्पोजर धरा आणि वही खिडकीपासून थोडी तिरकी करायला सांगा, म्हणजे कागदावरच्या रेघा टिकतात. उलट घडतं ते काळ्या पार्श्वभूमीवर: कॅमेरा सगळं उजळवतो आणि सावळ्या मुलीचा रंग धुतल्यासारखा फिका येतो. तिथे दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. ५० मिमीने सव्वा मीटरवर, एफ २.८. एफ १.८ वर या अंतराला फोकसची जाडी जेमतेम चार सेंटिमीटर राहते. एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो, आणि मुलगी थोडी तिरकी बसली असेल तर हमखास येतो. लेन्स विकत घेतली म्हणून ती पूर्ण उघडीच वापरायची असं काही नाही.

चष्मा असेल तर खाली बघताना काचेत पांढरा कागद उमटतो. खिडकी आणखी बाजूला घ्या, साठ-सत्तर अंशांवर, आणि वहीची मागची कड दोन पुस्तकांवर टेकवून उचला. तरी उरला तर तिला चित्रासाठी थोडा करडा, जाडसर कागद द्या. चष्मा काढायला सांगू नका. त्या चेहऱ्याचा तो भाग आहे, आणि काढल्यावर नाकावरचे वळ दिसतात ते वेगळंच.

एखादी फ्रेम जवळून घ्या. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला शिशाची चकचकीत काळी रेघ असते, कागदावर हात घासून घासून आलेली. नखांत रंग असतो. शार्पनरच्या साली फ्रॉकवर पडलेल्या असतात. चेहरा नसलेला हा एक फोटो चार चेहऱ्यांच्या फोटोंशेजारी ठेवला की सगळ्यांना अर्थ येतो. आई ते हात धुवायला पाठवेल, त्याच्या आधी काढा.

पावसाळ्यात हे काम करणार असाल तर ढगाळ आभाळाला मऊ उजेड समजून अंगणाच्या मधोमध बसवू नका. तोही वरूनच येतो. ओसरीच्या कडेला, छपराखाली एक पाऊल आत बसवा, म्हणजे वरचा उजेड कापला जातो आणि समोरचा उरतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर बॅग उघडी ठेवा आणि लेन्स ठेवायच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल असू द्या.

या वयाच्या मुलांचं स्वतःच्या चेहऱ्याशी एक नातं असतं, ते फोटोग्राफरला ठाऊक हवं. ती स्वतःला आरशात बघतात आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघतात, दोन्हींकडे डावं-उजवं उलटं. तुमच्या फोटोत चेहरा सुलट येतो आणि त्यांना तो ‘काहीतरी वाकडा’ वाटतो: भांग चुकीच्या बाजूला, एक भुवई वर. हे समजावून सांगा, वाटल्यास तोच फोटो आडवा उलटवून शेजारी दाखवा. लगेच मान हलते. मात्र अंतिम फोटो कधीही उलटवून देऊ नका. तबला डावखुरा होतो, वहीवरची अक्षरं उलटी होतात, आणि जाणकार माणूस पहिल्या नजरेत पकडतो. सेल्फी हातभर अंतरावरून काढल्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे जातात, त्याचीही त्यांना सवय झालेली असते. तुम्ही दोन मीटरवरून काढलेला चेहरा रुंद वाटला तर घाबरू नका, माणसं आपल्याला तेवढ्याच अंतरावरून बघतात हे सांगा. दर फोटोनंतर स्क्रीन बघू नका आणि दाखवू नका. मूल काम सोडून निकालाची वाट बघायला लागतं. मध्यावर एकदा, एकच चांगला दाखवा.

एडिटिंगमध्ये माझा नियम ठाम आहे: पंधरा दिवसांत जाणारं काढायचं, कायमचं ठेवायचं. मुरुम पुसा, तीळ, लहानपणची खूण, दातांतली फट तशीच. गालाची रंध्रं पुसणारं सॉफ्टवेअर वापरू नका. आणि रंग उजळवू नका, कोणी मागितलं तरी. दहावीतल्या मुलीला तिचाच फोटो गोरा करून हातात देणं म्हणजे तिला काय सांगणं आहे, ते एकदा मनात आणा. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) धरलंत आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलंत तर रंगाचा वादच उरत नाही. तपासायचं एवढंच की चेहरा आणि हात एकाच माणसाचे वाटतात का. निवडीला तीनशेतून वीस काढा. मुलाला आधी पाच निवडू दे, मग घरच्यांना दोन, शेवटी तुमचे दोन. मुलाने निवडलेल्यांत तुमचा नावडता एक असतोच. तो काढून टाकू नका. छापायला ८ × १२ इंच, मॅट कागद, २४०० × ३६०० पिक्सेल. मोबाइलच्या स्क्रीनवर ठरवलेला उजेड छापल्यावर गडद येतो, म्हणून आधी एक ४ × ६ ची प्रत काढून खिडकीच्या उजेडात बघा.

फोटो तुमच्या पानावर टाकायचे असतील तर आई-वडिलांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालकच धरलं आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. मुलाचा होकार वेगळा घ्या. आई हो म्हणाली आणि मुलगी गप्प राहिली तर तो नकार समजा. शाळेचा बिल्ला, घराची पाटी, गल्लीचं नाव फ्रेममध्ये नको, फाइलमधलं ठिकाणही पुसून टाका. राजहंसगडावर किंवा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीत (जुन्या जैन मंदिरात) जाऊन काढायचा विचार असेल तर त्या जागेचं मुलाशी काही नातं आहे का ते आधी बघा. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड-स्टँड लावायला पूर्वपरवानगी लागते, आणि कॅम्प भागात लष्करी हद्दीकडे कॅमेरा वळवायचाच नाही.

किल्लेवाल्या मुलाचं शेवटी ठेवलं, कारण त्याचं वेळापत्रक दिवाळी ठरवते. त्याचे फोटो आता काढू नका. आणि पूर्ण झालेल्या, रंगवलेल्या, मावळे मांडलेल्या किल्ल्यासमोर तर मुळीच काढू नका. तिथे तो राखणदारासारखा उभा राहतो. माती कालवायच्या दिवशी जा. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओली पोती, त्यावर चिखलाचा थर, कोपरापर्यंत बरबटलेले हात. बुरूज ढासळतो, पुन्हा बसवला जातो, आणि तो चार पावलं मागे येऊन, डोकं तिरकं करून पाहतो. तो मागे येऊन पाहणारा क्षण म्हणजे त्याचा तबला लावणं.

इथे किट लेन्स चालते, २४ मिमीवर. दोन मीटरच्या आत, कॅमेरा किल्ल्याच्या तटाच्या उंचीला, जवळजवळ जमिनीवर. बुरूज पुढे मोठा आणि मुलगा त्याच्यावर वाकलेला. चेहरा फ्रेमच्या कडेला नेऊ नका, २४ मिमी कडेला ताणते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण सहाला मावळतो आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटंच कामाचा उजेड असतो, म्हणून साडेपाचला सगळं लावून तयार राहा. आयएसओ ४००, एफ ४, आणि शटर असं की आभाळ एक स्टॉप गडद येईल. मात्र फ्लॅश लावल्यावर १/२०० च्या पुढे जाऊ नका, फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येईल. अंधार पडत जाईल तसं शटर कमी करत या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरने चालवा, पांढऱ्या छत्रीतून, चेहऱ्यापासून चार फुटांवर, डोक्याच्या थोडा वर, १/३२ ताकदीपासून सुरुवात. त्यावर अर्धी केशरी जेल (फिक्या केशरी रंगाचा पारदर्शक कागद) लावा, नाहीतर मावळतीच्या उजेडात चेहरा एकटाच निळसर-पांढरा उठून दिसतो. संध्याकाळी वारा सुटतो आणि छत्री पहिल्या झुळकीला आडवी होते. स्टँडला पाच लिटर पाण्याचा कॅन बांधा किंवा गल्लीतल्या एका पोराच्या हातात द्या. बाकीच्या पोरांना हाकलू नका. ती त्याची फौज आहे, मागे धूसर दिसली तर फोटो भरतो.

दुसरी फेरी पाच-सहा दिवसांनी. तोवर तटाखाली पेरलेले अळीव उगवून बोटभर झालेले असतात, आणि सकाळी सात-साडेसातला तो एकटाच, दात घासायच्या आधी, तांब्यातून हाताने पाणी शिंपडत असतो. तेव्हा फ्लॅश नको, छत्री नको. ५० मिमी, एफ २.८, आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहा.